बंदुका ओसरीवर झोपतात

बंदूक सरळ दुकानातून आणली असती तर यातलं काहीच घडलं नसतं, हे वेंडेल ऑस्टबी हल्ली कबूल करतो. कोणी विचारलं नसलं तरी करतो. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या एल्म फॉल्स गावात त्याची विम्याची कचेरी आहे. एखादा शेतकरी कोठाराचा विमा उतरवायला येतो. बर्फाने छप्पर बसलं तर काय मिळेल एवढंच त्याला हवं असतं. वेंडेल त्याला छपरावरून हिवाळ्यावर, हिवाळ्यावरून शिकारीवर आणि शिकारीवरून सासऱ्यावर आणतो आणि मग स्वतःच खिडकीबाहेर बघत बसतो. शेतकऱ्याला कळत नाही की आता टोपी घालून निघावं की दोन शब्द सांत्वनाचे बोलावेत.

सांत्वनाचं तसं काही कारण नाही. सासरा जिवंत आहे. हालवर टॉर्गरसन चांगला खुटखुटीत आहे, पावावर बोटभर लोणी थापून खातो आणि खाताना जावयाला नावं ठेवतो. सुरुवातही त्या नावं ठेवण्यातूनच झाली. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की कापायला घेतली आणि सुरी चालेना.

"धार कोणी लावली?" हालवरने विचारलं.

"मी," वेंडेल म्हणाला.

"तरीच." हालवरने सुरी खाली ठेवली. "जावईबापू, तुझ्या हातांनी आजवर काही घडलं असेल, तर सह्या!"

हालवर हा होड्या बांधणारा माणूस. गावच्या तळ्यावरच्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या, त्यामुळे असं बोलायचा हक्क आपल्याला आहेच असं तो धरून चालत असे. सगळं टेबल हसलं. मेव्हणा कर्टिस तर ठसका लागेपर्यंत हसला. वेंडेलची बायको मार्गित हसली नाही. तिने फक्त रुमाल तोंडाला लावला. बाकीच्यांचं हसणं वेंडेल विसरला, पण तो रुमाल काही त्याला विसरता आला नाही.

त्या हिवाळ्यात हालवरच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो विश्रांतीसाठी लेकीकडे येऊन राहिला. डॉक्टरने साफ सांगितलं की तुमची ती जुनी बंदूक खांद्याला लाथ मारते, पुन्हा उडवलीत तर हा खांदा माझ्याकडे परत आणू नका. शिवाय दर गोळीनंतर खटका मागे ओढून पुढे ढकलायचा, तेही आता त्या हाताला जमणारं नव्हतं. म्हातारा दिवसभर खिडकीशी बसून झाडांच्या शेंड्यांकडे बघायचा. एकदा मात्र, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाला, "यंदा मचाणावर चढेन ते शेवटचंच. पण नुसते हात हलवत चढायचं, तर चर्चमध्ये बसलेलं काय वाईट?"

हालवर चर्चची तुलना चांगल्या अर्थाने करत नसे.

अशा खांद्यासाठी एक बंदूक असते. हलकी, धक्का कमी देणारी. एक गोळी उडाली की रिकामी पुंगळी स्वतःच बाहेर फेकते, नवीन काडतूस स्वतःच आत घेते. माणसाने फक्त नेम धरायचा आणि चाप ओढायचा. गावातल्या ल्यूथरच्या दुकानात अशा दोन भिंतीवर टांगलेल्या होत्या. त्यातली एक उतरवून घेतली असती आणि रिबीन बांधून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली असती, तर विषय संपला असता. पण वेंडेलच्या डोळ्यांपुढे तो रुमाल होता. सुटे भाग मिळतात, लोक तळघरात जोडतात. त्या भागात बंदूक जोडणं हे बियर गाळण्यापेक्षा कमी भानगडीचं समजलं जातं. त्याने ठरवलं, सासऱ्याच्या शेवटच्या शिकारीची बंदूक आपण आपल्या हातांनी जोडायची. सह्या काय!

सह्यांपासूनच सुरुवात झाली. बंदुकीच्या ज्या भागावर नंबर असतो, तोच कायद्याने बंदूक. तो दुकानातूनच घ्यावा लागतो, फॉर्म भरून, चौकशी होऊन. ल्यूथरने फोन लावला, पलीकडून कोणीतरी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मग बराच वेळ वाद्यसंगीत वाजलं, आणि मग उत्तर आलं: थांबा. दक्षिणेकडच्या कुठल्याशा तालुक्यात वेंडेल ऑस्टबी याच नावाचा एक इसम दुसऱ्याची मोटरबोट घेऊन बेपत्ता होता. आपण तो नव्हे हे सिद्ध होईपर्यंत बंदूक मिळायची नाही.

"मला बोट चालवता तरी येते का, ल्यूथर?" वेंडेल कळवळून म्हणाला.

"त्यानेही हेच सांगितलं असणार," ल्यूथर म्हणाला.

त्याच वेळी दुकानात ब्रँडीची बाटली हातात धरून गावच्या चर्चमधल्या पास्टरीणबाई उभ्या होत्या, कारण ल्यूथर एका भिंतीवर बंदुका आणि समोरच्या भिंतीवर दारू विकतो. शुक्रवारी गावच्या क्लबात तळलेल्या माशांचं जेवण असतं, तिथे वेंडेल पोचायच्या आधी बोट पोचली होती. लोक सहानुभूतीने त्याच्या पाठीवर थाप मारत होते. एका जुन्या ग्राहकाने विचारलं, की समजा एखाद्याची बोट चोरीला गेली, तर विमा कंपनी आपल्याच एजंटाकडून वसूल करते का? वेंडेलने मासा तसाच टाकला आणि कोबीची कोशिंबीर खाऊन घरी आला.

आठवड्याने तो निर्दोष ठरला. ही बातमी मात्र कोणी कुठे पोचवली नाही.

मग तळघर. मार्गितचं इस्त्रीचं टेबल, वरती जुनी चादर, चादरीवर ओळीने मांडलेले भाग. पहिल्याच संध्याकाळी तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग हातातून सुटली, छताला लागून टणकन वाजली आणि ब्रह्मांडात विलीन झाली. वेंडेल गुडघ्यांवर रांगत होता तेव्हा जिन्यात शेजारचा बर्नी उभा होता. बर्नी कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. त्याला घरी कोणी बोलू देत नसल्यामुळे तो शेजारी येऊन बोलत असे.

"टॉर्च आडवा धर, आडवा," बर्नी म्हणाला. "सावली पडते. माझ्या सासूबाईंचा दात असाच सापडला."

स्प्रिंग दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूमच्या पिशवीत सापडली. पिशवी वेंडेलने जेवणाच्या टेबलावर ओतली होती. त्यावर मार्गित जे बोलली ते इथे देण्यात अर्थ नाही.

तरी बंदूक उभी राहिली. जुलैतल्या एका रविवारी वेंडेलने ती हातात घेतली आणि त्याला एकदम भरून आलं. शाळेत त्याने केलेलं पक्ष्यांसाठीचं लाकडी घरटं पाहून पक्षी गाव सोडून गेले होते, असं हालवर सांगत असे. आणि आता हे! खटका ओढला की कसा गोड आवाज येत होता. तो नुसता आवाज ऐकत त्याने अर्धा तास काढला. वरून मार्गितने विचारलं, "स्टेपलर मोडलास का?"

गावच्या नेमबाजी क्लबावर पहिली गोळी सुटली. बर्नी शिट्टी वाजवून म्हणाला, "वा!" वेंडेलने पुन्हा चाप ओढला. काही झालं नाही. बंदुकीच्या कडेच्या खिडकीत रिकामी पुंगळी उभी अडकली होती, आत अर्धी, बाहेर अर्धी. तिकडे याला धुराडं म्हणतात, आणि ते दिसतंही तसंच. वेंडेलने ती काढली, पुन्हा उडवली. पुन्हा धुराडं. आपोआप चालणाऱ्या त्या बंदुकीत वेंडेलला दर गोळीमागे हाताने इतकं काही करावं लागत होतं, की त्यापेक्षा हालवरची जुनी बंदूक बरी.

यानंतरचे दोन महिने सल्ल्यांचे. बर्नी म्हणाला तेल कमी आहे. वेंडेलने तेल घातलं. क्लबच्या सेक्रेटरी आयलीनबाई म्हणाल्या तेल जास्त आहे, आणि शिवाय टेबलावर तेल सांडल्याबद्दल नियमाप्रमाणे समज दिली. वेंडेलने तेल पुसलं. ल्यूथर म्हणाला काडतुसं मरतुकडी आहेत, दमदार घे. दमदार काडतुसं अर्थात ल्यूथरकडेच होती. कर्टिस फोनवर म्हणाला, "स्प्रिंग फालतू आहे रे, मी एक खास स्प्रिंग सांगतो," आणि त्याने सांगितलेली खास स्प्रिंग आल्यावर पुंगळी उभी अडकायची ती आडवी अडकू लागली. कर्टिसच्या मते ही प्रगती होती. चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर दातांचा डॉक्टर कानाशी येऊन कुजबुजला की बंदुकीची नळी आणि दाढ यांचं एकच असतं, साफ ठेवा. वेंडेलने नळी साफ केली. शेवटी शेवटी त्याला दुकानात टोमॅटो घेतानाही लोक लांबून विचारत, "काय, धूर निघतोय का धुराड्यातून?"

सल्ला दिला नाही तो एकट्या हालवरने. तळघरातली ठोकठोक त्याला वर खिडकीशी ऐकू येत असे. बंदूक कोणासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा वेंडेल हात काळे करून वर आला, तेव्हा म्हाताऱ्याने त्या हातांकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि लोण्याची बशी त्याच्याकडे सरकवली. बस्स. एवढ्यावर वेंडेल पुढचा आठवडाभर तळघरात उतरत राहिला.

सप्टेंबरात मार्गितची मोठी बहीण राहायला यायची होती. मार्गितने तळघराच्या दारात उभं राहून फर्मान काढलं, "ती यायच्या आत माझं इस्त्रीचं टेबल मला परत पाहिजे. काय काढायचं ते काढ, काय घालायचं ते घाल, नाहीतर सगळं बर्नीच्या गराजमध्ये नेऊन टाक."

वेंडेल रुसला. त्याने रागाने लोकांचे सगळे सल्ले बंदुकीतून काढले. खास स्प्रिंग काढून मूळची घातली, तेल पुसून भागांबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं तेवढंच घातलं, ल्यूथरची काडतुसं तेवढी राहू दिली कारण ती परत घेत नाहीत. विकून टाकायची म्हणून एकदा शेवटची उडवून बघू असं म्हणत तो क्लबवर गेला, आणि बंदूक शिलाई मशीनसारखी चालली. एक, दुसरी, तिसरी, सगळ्या. पुंगळ्या उजव्या हाताला नीट ओळीने पडल्या. आयलीनबाई कचेरीतून बाहेर आल्या. कशामुळे सुधारली हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही, मात्र बर्नी, ल्यूथर, कर्टिस आणि दातांचा डॉक्टर हे चौघंही ती आपल्यामुळे सुधारली असंच धरून चालतात.

दुसऱ्या दिवशी त्याने हालवरला गाडीत घालून क्लबवर नेलं आणि बंदूक त्याच्या पुढे ठेवली. म्हाताऱ्याने ती उचलली, वजन बघितलं, दस्ता जपून खांद्याला लावला. डोळे मिटून घेतले, जसं काही डॉक्टर पुन्हा सुई टोचणार आहे. मग उडवली. डोळे उघडले. पुन्हा उडवली. मग एकामागून एक. बंदूक खाली ठेवून त्याने खांदा दोनदा फिरवून बघितला.

"दुखलं का?" वेंडेलने विचारलं.

हालवर दस्त्यावरून अंगठा फिरवत राहिला, होडीच्या फळीवरून फिरवायचा तसा. मग म्हणाला, "बरी आहे."

होड्यांच्या कामात त्याच्या हाताखाली राबलेल्यांनी जन्मभर वाट पाहिली तरी हा शब्द त्यांना मिळाला नव्हता. वेंडेल परतताना गाडी सुतासारखी सरळ चालवत होता, कारण डोळ्यांत पाणी असताना त्याला वळणं नको होती.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी सगळे कॅम्पवर गेले. कॅम्प म्हणजे हालवरने जंगलात बांधलेली एक लाकडी खोली, मध्ये लोखंडी शेगडी, भोवती बिछाने, पुढे ओसरी. भिंतीवर सदऱ्यांचे तुकडे ठोकलेले. ज्याची गोळी हुकेल त्याच्या सदऱ्याचा मागचा पट्टा कात्रीने कापायचा आणि नाव, साल घालून भिंतीला ठोकायचा, हा तिथला नियम. वेंडेलचे तुकडे इतके होते की त्यांची गोधडी झाली असती. मार्गित शिकारीला त्याला फाटायला आलेलाच सदरा देई. हालवरचा एकही तुकडा नव्हता. एकही नाही. तो ज्या खुर्चीत बसे तिच्यामागची भिंत कोरी होती, आणि ती कोरी आहे हे पाहुण्यांच्या लक्षात येईपर्यंत तो खुर्ची हलवत असे.

दुसरा नियम बंदुकांचा. त्या ओसरीवर झोपतात. गाडीतून आलेली थंडगार बंदूक उबेच्या खोलीत नेली की आतून बाहेरून घाम फुटतो, बाहेरचा पुसता येतो, आतला राहतो आणि पहाटेच्या गारठ्यात त्याचं बर्फ होतं. हे त्या भागातल्या पोराटोरांना माहीत असतं. वेंडेलला वीस वर्षं माहीत होतं. दर वर्षी तोच दारात उभा राहून कर्टिसला ओरडून सांगत असे, "ओसरीवर ठेव, ओसरीवर!"

त्या संध्याकाळी वारा उलटा होता आणि ओसरीवर भुरभुर बर्फ येत होतं. शिवाय चोराच्या तोंडाचा, मांजराहून थोराड असा एक रॅकून ओसरीच्या कोपऱ्यात बसून चीजचा तुकडा खात होता, आणि वेंडेलला त्याची नजर चांगली वाटली नाही. बाकीच्यांच्या बंदुका कारखान्यात जन्मलेल्या. त्यांना आई ना बाप. ही त्याने इस्त्रीच्या टेबलावर जोडली होती, हिच्यासाठी त्याने बोटचोर म्हणून मासा टाकून कोबी खाल्ला होता. तिला रॅकूनपाशी ठेवायची? नियम बरोबरच आहे, त्याने मनाशी म्हटलं, पण नियम इतरांच्या बंदुकांसाठी आहे. पत्ते आवरून सगळे बिछान्यांकडे वळले तेव्हा त्याने ती रिकामी आहे हे दोनदा तपासलं, कोटाखालून हळूच आत आणली, फडक्याने कोरडी पुसली आणि झोपायच्या पिशवीत आपल्या पायांशी घेतली. शेगडी अगदी जवळ होती. तिला छान ऊब मिळाली.

पहाटे नाक झडून पडेल अशी थंडी होती. मचाण हालवरनेच बांधलेलं, दोघांच्या बैठकीचं. शिडीला अकरा पायऱ्या, आणि म्हातारा प्रत्येक पायरीवर थांबत होता. वेंडेल खालून दोन्ही हात वर धरून उभा होता, पण हात लावू नकोस असं त्याला आधीच सुनावलेलं होतं. वर गेल्यावर हालवरने श्वास घेतला, काडतुसं भरली, बंदूक मांडीवर घेतली आणि नारिंगी टोपी कानांवर ओढली. दोघांनी थर्मासमधली कॉफी एकाच झाकणातून प्यायली. उजाडत होतं.

"मार्गितची आई इथे यायची," हालवर अचानक म्हणाला. "तू बसलास त्या जागी. एक शब्द बोलायची नाही. तुझ्यासारखीच."

वेंडेलला लग्नानंतर मिळालेली ही पहिली बढती. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात पास्टर आला.

पास्टर हा त्या जंगलातल्या हरणांमधला थोरला नर. चारपाच हंगाम सगळ्यांना हुलकावण्या देत असलेला. भलीमोठी शिंगं, मानेखाली पांढरा पट्टा, आणि उघड्यावर येऊन उभा राहायची अशी काही ढब की आता हा बायबल उघडणार. सीडरच्या झाडांतून तो बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. हालवरने दस्ता खांद्याला लावला. वेंडेलने श्वास रोखला.

गोळी सुटली. बर्चच्या एका फांदीचा तुकडा उडाला. पास्टर दचकला, चार पावलं पुढे आला आणि पुन्हा थांबला. यावेळी मध्ये फांदी नव्हती, काहीच नव्हतं. हालवरने सावकाश नेम जुळवला, आणि वेंडेलने पाहिलं की म्हाताऱ्याचे हात अजिबात थरथरत नव्हते. चाप ओढला.

काही झालं नाही.

"काय झालं?" हालवर ओठ न हलवता म्हणाला.

खिडकीत पुंगळी उभी होती. धुराडं. वेंडेलने हात घातला. पुंगळी निघाली, पण खटका मध्येच थिजला होता, ना पुढे ना मागे. त्याने ओढला, ढकलला. आतून बर्फाचा बारीक करकर आवाज आला, आणि त्या आवाजासरशी त्याला सगळं कळलं. शेगडी, पिशवी, पायांशी घेतलेली ऊब, सगळं.

"ओढ ना," हालवर कुजबुजला.

"ओढतोय."

"तो बघतोय."

पास्टर खरंच बघत होता. प्रवचनात कोणाचा तरी फोन वाजल्यावर थांबावं, तसा सभ्यपणे थांबला होता. वेंडेलने हातमोजा काढून उघडा तळवा लोखंडावर दाबला, तोंडाने वाफ सोडली, दातांनी ओढायचंही त्याच्या मनात येऊन गेलं. खटका हलला नाही. पास्टरने आणखी थोडा वेळ दिला. मग मान वळवली आणि घाई न करता झाडांमध्ये निघून गेला. हालवर दस्ता खांद्याला लावून तसाच बसून राहिला, जिथे पास्टर होता तिथे बघत. वेंडेलच्या तळव्याची कातडी लोखंडाला चिकटली होती ती त्याने सोडवली. दुखलं, पण दुखल्याने बरं वाटेल असं जे त्याला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

शिडी उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. यावेळी हालवरने खांद्याला धरू दिलं.

कॅम्पवर कर्टिस कात्री घेऊन ओसरीवरच उभा होता. "एकच आवाज आला! हरीण कुठाय? कोणी उडवली?"

"मी," वेंडेल म्हणाला आणि पाठ वळवून सदरा बाहेर काढला. "काप."

कर्टिसला यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. त्याने पट्टा धरला, कात्री लावली.

"थांब," हालवर म्हणाला. तो ओसरीच्या पायरीवर धापा टाकत उभा होता. "मी उडवली. फांदीला लागली." आणि दुखऱ्या हाताने तो आपला सदरा पँटमधून ओढू लागला. तो त्याला निघेना. कोणी पुढे झालं नाही. शेवटी वेंडेलने मागे जाऊन तो बाहेर काढून दिला, लहान मुलाचा काढावा तसा.

कर्टिसच्या हातातली कात्री खाली आली. "राहू दे ना, पप्पा. बंदूक अडकली असेल. त्याच्या बंदुकीचं काय खरं आहे?"

"पहिली माझी हुकली. ती बंदूक तेव्हा नीट होती. काप म्हटलं ना!"

कर्टिसने कापला. तुकडा हालवरने स्वतःच्या हाताने खुर्चीमागच्या कोऱ्या भिंतीला ठोकला. खिळा वाकडा गेला तरी सरळ केला नाही. मग खुर्चीत बसून म्हणाला, "आता सांग, जावईबापू. रात्री कुठे होती ती?"

वेंडेलने बिछान्याकडे बोट दाखवलं.

"कुठे, खाली?"

"पिशवीत," वेंडेल म्हणाला. "माझ्या पायांशी."

कर्टिसने तोंड उघडलं, आणि म्हाताऱ्याने नुसतं बोट वर केलं तसं ते मिटलं. हालवर वेंडेलकडे बघत राहिला. हसला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्याने दोन्हीपैकी काही केलं नाही. "थंडी वाजेल म्हणून," तो म्हणाला, विचारल्यासारखं नाही, नुसतं आपलं स्वतःशी. मग कॉफी मागितली.

हिवाळ्यात म्हाताऱ्याचे गुडघे गेले. पुढच्या नोव्हेंबरात तो खिडकीशी राहिला आणि वेंडेल एकटा मचाणावर गेला. बंदूक ओसरीवर झोपली होती, रॅकूनच्या शेजारी. रॅकूनने तिला काही केलं नाही. पहाटे पास्टर आला, तिथेच, तसाच उभा राहिला.

रविवारी वेंडेल घरी आला तेव्हा अंगात मागचे पट्टे कापून उघडा पडलेला सदरा होता. कोट न काढताच तो खिडकीशी जाऊन खुर्चीजवळ उभा राहिला. हालवरने पाठ बघितली. "पास्टर होता?"

"होता."

"अडकली?"

"नाही," वेंडेल म्हणाला. "एकदाही नाही. पाचही सुटल्या, एकामागून एक, लोण्यासारखी चालली. प्रत्येक गोळीनंतर तो थांबून माझ्याकडे बघायचा."

"पाचही," हालवर म्हणाला. तो खूप वेळ हसला, खांदा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. स्वयंपाकघरातून मार्गित काय झालं ते बघायला आली. वेंडेलही हसला, हसायलाच पाहिजे होतं. मग म्हाताऱ्याने डोळे पुसले, झाडांच्या शेंड्यांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला,

"मला एकच हवी होती रे. ती दुसरी."